तिरका वर, सरळ खाली

अरुणाताई माटे यांना झाडांची आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या विकास नगरात हल्ली त्यांचा विषय निघाला की लोक मान डोलावत "भाभीजी को पौधों से कितना लगाव है" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. लगाव होता तो नवऱ्याशी. बाईंनी तीस वर्षं मुलींच्या इंटर कॉलेजात गणित शिकवलं. नखात माती गेली तर पुन्हा पुन्हा साबण लावणाऱ्यांतल्या त्या. अंगणात चिनहटहून आणलेल्या मातीच्या कुंड्यांची रांगच रांग होती, त्या कुंड्यांना अरुणाताई 'माझ्या सवती' म्हणायच्या आणि पाणी घालायची पाळी आली तर पाइप असा धरायच्या की अर्धं पाणी भिंतीवर जायचं.

मी त्यांच्या शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातल्या नोकरीने मला लखनौला आणलं, आणि निवृत्तीनंतर परत ये असं कोणी म्हटलं नाही म्हणून इथेच राहिले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माट्यांचं अंगण पूर्ण दिसतं, ऐकूही येतं. मी मुद्दाम कान देते असं नाही. पण या गावात मराठी शब्द हवेत आला की कान आपोआप तिकडे वळतो.

चंद्रहास माटे, म्हणजे अरुणाताईंचे यजमान, वनस्पतिशास्त्रज्ञ. इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे त्यांनी काय शोधलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्या गल्लीत त्यांची ख्याती निराळी होती. वसंत पंचमीनंतरचा पहिला रविवार हा गल्लीत कलमांचा रविवार. त्या दिवशी माटेसाहेब गुलाब, जास्वंद, बोगनवेल, डाळिंब यांची छाटणी करायचे आणि निघालेल्या फांद्यांच्या वीतभर काड्या करून मागेल त्याला वाटायचे. गल्ली झाडून सारी हजर असायची, हातात दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि दह्याचे डबे. मी त्यांना तोंडावर फुकटे म्हणत असे. माटेसाहेब नुसते हसायचे.

काडी देताना ते धडा मात्र द्यायचे. खालचा काप सरळ, कोंब फुटायच्या डोळ्याच्या लगेच खाली. वरचा काप तिरका, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही, आणि मुख्य म्हणजे कुठलं टोक कुठलं ते कळतं. काडीला पानं नसतात. चुकून उलटी रोवली तर ती वाळून जाते. रोवून झाली की वरच्या टोकाला शेणाचा छोटा गोळा लावायचा, म्हणजे काडी सुकत नाही. त्याला ते टोपी म्हणत. टोपी घातल्यावर काप दिसत नाही, म्हणून आधीच नीट बघायचं. हे सगळं ते आपल्या साताऱ्याच्या हिंदीत एका वाक्यात बसवायचे: "तिरछा आसमान को, सीधा ज़मीन को." गल्लीतली शाळकरी मुलंसुद्धा ते वाक्य त्यांची नक्कल करत म्हणायची.

एकाच झाडाची काडी कोणाला मिळायची नाही. अंजिराची. ते अरुणाताईंचं झाड. त्यांचं माहेर पुरंदरातलं दिवे गाव, वडिलांची अंजिराची बाग होती. लग्न होऊन लखनौला आल्या तेव्हा पहिला हिवाळा त्यांनी रडून काढला. नवरा अबोल, शेजारपाजारची भाषा कळेना, आणि धुकं असं की समोरचं घर दिसेना. पुढच्या खेपेला दिव्याला गेल्यावर माटेसाहेबांनी सासऱ्यांच्या बागेतून एक काडी मागून घेतली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि वळकटीत घालून दोन दिवसांच्या प्रवासात रोज तिच्यावर पाणी शिंपडत आणली. त्या काडीचं झाड झालं. होळीच्या सुमारास त्याला पालवी फुटायची, आणि पिकलेलं पहिलं अंजीर अरुणाताई झाडाखाली उभ्या उभ्याच खायच्या, तोंड भिंतीकडे करून. भावांनी दिव्याची बाग मोडून केव्हाच प्लॉट पाडले होते, त्यामुळे माहेर म्हणून उरलं होतं ते एवढंच. काडी मागायला कोणी आलं की माटेसाहेब म्हणायचे, "उनका पेड़ है, उनसे पूछिए," आणि बाई साफ नाही म्हणायच्या.

मग तो एक रविवार आला. गर्दी जमली होती. माटेसाहेबांनी काडी कापली, बरोबर कापली, कारण ती हाताची जन्माची सवय. आणि काडी उंच धरून सगळ्यांना म्हणाले, "तिरछा ज़मीन को, सीधा आसमान को." म्हणाले आणि तशीच रोवली. गल्लीच्या टोकाला राहणारे रस्तोगीजी, बँकेतून निवृत्त झालेले, फार अदबीचा माणूस, ते पुढे होऊन म्हणाले की माटे साहब, माफ़ कीजिएगा, शायद उल्टा हो गया. माटेसाहेबांनी कुंडीकडे बघितलं, मग रस्तोगींकडे, मग पुन्हा कुंडीकडे. मला वरून त्यांचा चेहरा दिसत होता. तो माणूस घाबरला होता. दुसऱ्या क्षणी ते ओरडले. आवाज चढवलेला मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. काड्या तिथेच टाकून आत गेले, दार लावून घेतलं, आणि दोन दिवस जेवले नाहीत.

डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचं नाव सांगितलं. अरुणाताईंनी ते आधीच ताडलं होतं, मला बोलल्या नव्हत्या एवढंच. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनी चहा केला आणि गल्लीत एकेका घरी फोन लावला. त्या रविवारी उचलून नेलेल्या काड्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे लावल्या असतील तर उपटून फिरवा आणि साहेबांना एक अक्षर बोलू नका, पुढच्या वर्षी त्यांनी उलटं सांगितलं तरी मान डोलवा आणि घरी जाऊन सुलटं करा. गल्लीने ऐकलं. रस्तोगीजी तर मिठाईचा डबा घेऊन आले आणि माटेसाहेबांना म्हणाले, चूक माझीच होती, घरी जाऊन बघितलं, आपण म्हणता तेच बरोबर. खोटं बोलावं तर लखनौवाल्यांनी.

राहिल्या अंगणातल्या कुंड्या. माटेसाहेब रोज सकाळी काही ना काही लावायचे. दुपारी ते झोपले की अरुणाताई बाहेर यायच्या, पदर खोचून खाली बसायच्या आणि त्या दिवसाच्या सगळ्या काड्या उपटून फिरवून पुन्हा रोवायच्या. शेणाची टोपी असलेलं टोक मातीत, मातीतलं टोक वर, त्याला नवी टोपी. सुरुवातीला त्या प्रत्येक काडीचा शेणाचा गोळा पुसून, चष्मा वर करून काप तपासत. दर वेळी उलटंच निघे. एकही काडी कधी चुकूनसुद्धा सुलट नसे. माटेसाहेब चुकतसुद्धा शास्त्रज्ञासारखे, नेहमी एकसारखे. मग बाईंनी बघायचं सोडलं. नुसतं उपटायचं आणि फिरवायचं.

मी एकदा विचारलं, हे रोज कशाला, काही काड्या वाळल्या तर काय बिघडलं? त्या म्हणाल्या, थांब, होळीला ये. होळीला गेले. कुंड्यांमध्ये पालवी फुटली होती, आणि माटेसाहेब एकेका कोंबाला बोट लावून हिंडत होते. बायकोला म्हणाले, "हात अजून आहे हं, अरुणा." "आहे ना," त्या म्हणाल्या. हे एक वाक्य ऐकायला ती बाई रोज दुपारी मातीत हात घालत होती. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी कोणी भाजीसुद्धा ढवळलेली नाही.

दीडेक वर्षापूर्वी अंजिराला खोडकिडा लागला. पावसाळ्यात बुंध्याशी भुसा पडायला लागला, हिवाळ्यात फांद्या वाळत गेल्या, आणि वसंत पंचमीपर्यंत झाड इतकं पोखरलं गेलं की माळी म्हणाला, वादळ आलं तर भिंतीसकट पडेल. तोडायचं ठरलं. एकच फांदी निरोगी उरली होती.

तोडायच्या आदल्या सकाळी माटेसाहेबांची हाक ऐकू आली. "अरुणा, बाहेर ये. तुझं झाड जायच्या आत त्याच्या काड्या करू." आवाज पूर्वीचा होता. मी खिडकीशी आले. ते शिडीवर चढले नाहीत, शहाण्या माणसासारखी माळ्याकडून फांदी काढून घेतली, ओट्यावर बसले आणि काड्या करत बोलत राहिले. दिव्याचा रस्ता, सासऱ्यांची बाग, वळकटी, तिच्यावर पाणी शिंपडताना झाशीला चढलेल्या माणसाने काय विचारलं ते. "तुझे वडील म्हणाले होते, जावई लोक घड्याळ मागतात, तुम्ही काडी मागता." अरुणाताई मोठ्याने हसल्या. कित्येक महिन्यांत मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. माटेसाहेबांनी काड्या कुंड्यांमध्ये लावल्या, टोप्या घातल्या, हात धुतले. बाईंनी शिरा केला आणि वाटीभर मलाही वर पाठवला. बेदाणे सढळ हाताने घातले होते.

दुपारी साहेब झोपल्यावर त्या बाहेर आल्या. गुणगुणत होत्या. खाली बसल्या आणि अंजिराच्या सगळ्या काड्या रोजच्यासारख्या उपटल्या, फिरवल्या, पुन्हा रोवल्या. मी वरून बघत होते. मलाही काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाड तोडलं. किडा पसरू नये म्हणून बुंधा मुळासकट खणून काढला आणि खड्ड्यात चुना टाकला.

होळी झाली. गुलाबाला फुटवे आले, जास्वंदीला आले. अंजिराच्या काड्या तशाच. माटेसाहेब स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. बाकी सगळं निसटत चाललं होतं, मुलीचं नाव, जेवण झालं की नाही ते, पण या कुंड्या ते विसरत नव्हते. एका संध्याकाळी त्यांनी एका काडीची साल नखाने खरवडली. आतून तपकिरी, कोरडी. सगळ्या काड्यांची खरवडून बघितली. मग आत जाऊन कलमांचा चाकू घेऊन आले, स्वच्छ पुसला, पात्याला तेलाचं बोट लावलं, मिटला आणि अरुणाताईंच्या हातात दिला. "ठेवून दे. माझा हात गेला."

दुसऱ्या सकाळी मी खाली गेले तेव्हा अरुणाताई त्या कुंड्या रिकाम्या करत होत्या. त्यांनी एक काडी उपटली आणि सहज नळाखाली धरली. माती गेली, मग मातीतल्या टोकाला चिकटलेलं जुनं शेण सुटून गेलं. खाली तिरका काप होता. जे टोक वर असायला हवं ते त्यांनी खाली पुरलं होतं. त्यांनी दुसरी काडी धुतली, मग तिसरी. सगळ्या तशाच निघाल्या. त्या ओल्या फरशीवर बसल्या. नळ चालूच होता, तो मी बंद केला.

"विनया, त्या दिवशी त्यांनी बरोबर लावल्या होत्या ग," त्या म्हणाल्या.

मीही त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "तो दिवस चांगला होता, हे मला कळलं होतं. कळलं म्हणून तर शिरा केला. मग काडी का नाही बघितली मी?"

चांगला दिवस आला की माणूस त्यात सुखावतो, शिरा करतो. चांगल्या दिवशी नवरा काडीही बरोबर लावेल, एवढं साधं गणित त्या गणिताच्या बाईंना सुचलं नाही. मला तेव्हाही रडू आलं होतं आणि आता लिहितानाही येतंय.

माटेसाहेबांना सांगायचं की नाही हा खरा प्रश्न होता. मुलगी अंतरा नोएडाहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, क्या ज़रूरत है? पापा वैसे भी भूल जाएँगे." माझंही तेच मत पडलं. सांगायचं म्हणजे आधीची दोन वर्षं उलगडायची. त्या पालव्या, ते कोंब, सगळं बायकोने गुपचूप दुरुस्त केलेलं, हे त्यांना कळणार. ते लपवायला अख्खी गल्ली राबली होती. पण रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की साहेब तेच म्हणायचे, "अंजिराच्या काड्या वाळल्या. माझा हात गेला." अरुणाताई म्हणाल्या, "बाकी सगळं विसरतात, हे विसरत नाहीत. आणि हे खोटं आहे. त्यांचा हात गेला नव्हता. त्या दिवशी तरी नव्हता."

त्यांनी सांगितलं. पायरीवर बसून, सगळं, पहिल्या रविवारापासून. माटेसाहेब ऐकत होते की नाही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे मी बरोबर लावल्या होत्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या. मी उलट्या केल्या."

ते हसले. दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट करून बघितले. आधीच्या दोन वर्षांबद्दल एक शब्द काढला नाही. त्या दिवशी नीट जेवले, आणि अरुणाताईंनी मला खालूनच हात केला. मला वाटलं, सुटली बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "अंजिराच्या काड्या वाळल्या. माझा हात गेला."

तेव्हापासून ते रोजचं झालं. रोज सकाळी त्या सांगायच्या, "तुम्ही बरोबर लावल्या होत्या, मी उलट्या केल्या," आणि रोज ते पहिल्यांदा ऐकायचे. कधी हसायचे. कधी चिडून विचारायचे की तुला कोणी हात लावायला सांगितलं होतं. कधी झाडासाठी रडायचे, मग त्याही रडायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, सांगा ना की किड्याने खाल्ल्या, रोज आपल्या अंगावर कशाला घेता? त्या म्हणाल्या, "त्यांच्या हाताशी दोन वर्षं खोटं बोलले. आता नाही बोलवत." मला त्यांचा राग आला. इतका खरेपणा काय कामाचा, असं वाटलं, आणि खाली जाणं मी चार दिवस टाळलं. पण खिडकी कुठे टाळणार?

उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा धुकं आलं. माटेसाहेब हळूहळू अंगणात यायचे थांबले, मग आणून बसवावं लागू लागलं.

यंदाचा रविवार मागच्याच महिन्यात झाला. मला वाटलं होतं कोणी येणार नाही. सगळे आले, पिशव्या आणि डबे घेऊन, रस्तोगीजी सगळ्यांच्या आधी. माटेसाहेब शाल पांघरून खुर्चीत बसले होते आणि प्रत्येकाला नमस्कार करत होते. लग्नात ओळखीपाळखीचं कोणी नसलेला पाहुणा जसा करतो तसा. काड्या अरुणाताईंनी कापल्या, त्याच चाकूने. सरळ, तिरका, सरळ, तिरका. फुकट्यांनी, म्हणजे आमच्या गल्लीने, एका शब्दाने काही विचारलं नाही. काड्या घेतल्या आणि लवकर गेले.

उरलेल्या काड्या घेऊन बाई नवऱ्याच्या पायाशी कुंड्यांसमोर बसल्या. नखांत माती होती, साबणाची आठवणही नसावी. खुर्चीतून आवाज आला, "अंजिराच्या काड्या वाळल्या."

अरुणाताईंनी वर न बघता रोजचं उत्तर दिलं. "तुम्ही बरोबर लावल्या होत्या. मी उलट्या केल्या."

माटेसाहेबांनी शाल सावरली. मग म्हणाले, "तुम्ही इथे नव्या आहात का बाई?"

वर स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. अरुणाताईंचे हात थांबले. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि त्या माणसाने त्यांना कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. क्षणभर त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हो."

"मग होतं असं. नव्या माणसाकडून होतं. तिरका वर, सरळ खाली. एवढं लक्षात ठेवा."

"ठेवते."

माटेसाहेबांनी घराच्या दाराकडे नजर टाकली, पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे आमच्या घरात बोलू नका. ते अरुणाचं झाड होतं. तिच्या माहेरचं. तुमच्याकडून झालं असं कळलं तर तिला फार लागेल, ती तुम्हाला माफ करायची नाही. मीच सांगेन तिला, माझा हात चुकला म्हणून."

अरुणाताईंनी हातातली काडी रोवली, तिरकी बाजू वर. टोपी घातली.

"बरं," त्या म्हणाल्या.